हाड धरेपर्यंत

मे महिन्यात नेसरीच्या आसपासची झाडं पोरांनी भरलेली असतात. जांभूळ, फणस, आंबा, काजू, कुठल्याही झाडाखाली उभं राहून मान वर करावी तर दोन पाय लोंबकळताना दिसतात. गिरण्यांच्या काळात मुंबईला गेलेल्या घरांची पुढची पिढीसुद्धा सुट्टीला गावाकडं येते आणि पिशव्या ओसरीवर टाकून आधी झाडाखाली जमते. कुठली फांदी भार सोसते आणि कुठली दगा देते, हे गावातल्या पोरांना न सांगता कळतं. जांभळाचं लाकूड सगळ्यांत फसवं. दिसायला ताठ, हिरवंगार, आणि ऐन भारात कडकन तुटणारं. पडणारं पोर जीव वाचवायला हात पुढं करतं, तळहात जमिनीला टेकतो, कोपर उलट्या बाजूला ताणलं जातं आणि दंडाचं हाड कोपराच्या जरासं वर मोडतं. तिथं ते मुळातच चपटं नि पातळ असतं. लहान मुलांच्या कोपराशी होणाऱ्या मोडींत हीच मोड सर्वांत जास्त. पाच-सात वर्षांचं पोर एक हात दुसऱ्या हातानं छातीशी धरून दवाखान्यात आलं, की फोटो काढायच्या आधीच डॉक्टरांना अंदाज आलेला असतो.

माझ्या भाच्याचं असंच झालं. कोपर बघता बघता टम्म सुजलं. अंगणात माणसं जमली, आणि जमलेल्या माणसांत असतं तसं एक मत लगेच तयार झालं: "निसटलंय नुसतं. चोळून घ्या, बसतंय." आमच्या आज्जीनं ते मत एका वाक्यात मोडून काढलं. तिनं पोराच्या बोटांना हात लावला आणि म्हणाली, "बोटं गार पडल्याती. चोळायचं न्हाई. गाडी काढा." गडहिंग्लजला पोचेपर्यंत तिनं तो हात स्वतःच्या मांडीवर धरून ठेवला होता. त्याच रात्री ऑपरेशन झालं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. बोटाएवढ्या हाडांची करडी सावली, आणि तिच्यातून तिरक्या गेलेल्या दोन पांढऱ्याशुभ्र रेघा. हाडाच्या कडा धुरकट, अंधुक, पण या दोन रेघा मात्र पट्टीनं आखल्यासारख्या. आज्जी बराच वेळ बघत राहिली. मग तिनं विचारलं, "एवढ्याशा तारंनं हाड धरतंय व्हय डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर म्हणाले, "आज्जी, तार हाड धरत नाही. हाडच हाडाला धरतं. तार फक्त त्याला हलू देत नाही."

हे उत्तर माझ्या मनात घर करून राहिलं आहे. आपण बोलताना म्हणतो, तार घालून हाड जोडलं, रॉड टाकून पाय सांधला. खरं तर जगातल्या कुठल्याही धातूनं आजवर एकही हाड जोडलेलं नाही. मोड झाल्याबरोबर त्या जागी रक्त साकळतं. त्या साकळलेल्या रक्तातच पेशी गोळा होतात, बारीक रक्तवाहिन्या शिरतात, दोनतीन आठवड्यांत मऊ, रबरासारखा सांधा तयार होतो. मग त्यात चुना भरत जातो आणि तो टणक होतो. डॉक्टर त्याला कॅलस म्हणतात. आमच्याकडं म्हणतात, हाडानं धरलं. त्यानंतर महिनोन्‌महिने, कधी वर्षं, शरीर त्या ओबडधोबड जागेवर काम करत राहतं. जास्तीचं झिजवतं, कमी असेल तिथं भरतं. कातडी फाटली तर व्रण राहतो. हाड मात्र पुन्हा हाडच होतं, अस्सल. एवढी मोठी कारागिरी आपल्या आत कुणालाही न विचारता चालते, आणि तिची मागणी एकच असते, मला काही दिवस स्थिर राहू द्या.

हे स्थिर राहणं माणसाला फार जड जातं.

आपल्या पूर्वजांना ते कळत नव्हतं असं नाही. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाच्या उपचारांचा स्वतंत्र अध्याय आहे. वड, पिंपळ, उंबर, पळस, बांबू यांच्या साली नि कामट्या भोवती बांधायला सांगितल्या आहेत. मांडी किंवा नडगी मोडलेल्या माणसाला फळीवर निजवून पाच खुंट्यांना बांधून ठेवावं, असा कपाटशयनाचा विधी तिथं आहे. म्हणजे खुंटी होतीच, फक्त ती शरीराबाहेर होती. कोल्हापूरच्या तालमींतले वस्ताद, खेड्यापाड्यांतले हाडवैद्य हेही याच वाटेनं गेले. खांद्याचा निखळलेला सांधा टाचेच्या रेट्यानं बसवणारे हात मी पाहिले आहेत, आणि त्या हातांतली जाण खोटी नव्हती. पण बाहेरून बांधलेली कामटी आतल्या दोन टोकांना धरू शकत नाही. मधे मांस असतं, सूज असते. घट्ट बांधली तर रक्त अडतं, सैल बांधली तर हाड सरकतं. लहान मुलाच्या कोपराला तर हे मुळीच चालत नाही. दंडाच्या हाडाची वाढ बहुतेक सगळी, शंभरात ऐंशी वाटे, खांद्याकडच्या टोकाला होते. कोपराकडं वाढ थोडी, म्हणून तिथं वाकडं बसलेलं हाड पुढं वाढीबरोबर सरळ होत नाही. आमच्या भागात अशी वाकडी कोपरं घेऊन म्हातारी झालेली माणसं आहेत. जेवताना, सही करताना त्यांचा हात वेगळ्याच वळणानं फिरतो.

तर आत शिरून धरणं भाग होतं, आणि आत शिरायला माणूस शतकानुशतकं भीत होता. ती भीती रास्त होती. नेसरीची खिंड ज्या दिवसासाठी महाराष्ट्राला ठाऊक आहे, 24 फेब्रुवारी 1674, त्या दिवशी मराठ्यांचे सरसेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार इथं लढाईत पडले. त्या काळातच नव्हे, त्यानंतर दोनशे वर्षंसुद्धा, कातडी फाटून हाड उघडं पडलं की पू, ताप आणि बहुतेक वेळा मरण हाच क्रम होता. न फाटलेली कातडी शस्त्रानं उघडून आतलं हाड बांधायचं, हा विचारच वैद्याला पाप वाटावा असा होता. 1877 साली लंडनमध्ये जोसेफ लिस्टरनं हे धाडस केलं. गुडघ्याची मोडलेली वाटी उघडून त्यानं चांदीच्या तारेनं बांधली. कार्बोलिक आम्लानं जंतू मारायची पद्धत त्यानं आधीच रूढ केली होती, म्हणून तो रुग्ण तगला. मला यात तारेपेक्षा धुतलेले हात मोठे वाटतात. चांदीची तार सोनाराकडं कधीचीच होती. ती हाडापर्यंत पोचायला जंतू कळावे लागले. मग 1895 मध्ये रॉन्टगेननं क्ष-किरण दाखवले आणि आतलं हाड न कापता दिसू लागलं. या दोन गोष्टी जमल्यावर उरलेलं भराभर आलं. 1907 मध्ये स्वित्झर्लंडचा फ्रिट्झ स्टाइनमन हाडातून आरपार जाड खिळा घालून पाय ओढू लागला, तर 1909 मध्ये जर्मनीच्या मार्टिन किर्शनरनं तेच काम बारीक तारेवर आणलं. पियानोला असते तशी ती पोलादी तार. आज गडहिंग्लजपासून गडचिरोलीपर्यंत प्रत्येक हाडांच्या दवाखान्यात जिला 'के-वायर' म्हणतात, ती याच किर्शनरच्या नावानं. भाच्याच्या कोपरात गेलेल्या दोन्ही त्याच.

खिळ्याची ओळख मात्र आमच्या घराला फार आधी झाली होती. आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, मांडी मोडली तेव्हा. गुऱ्हाळाला ऊस नेताना गाडी कलंडली आणि चाकाची धाव पायावरून गेली. त्यांना शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं नडगीच्या वरच्या टोकातून खिळा आरपार घातला, खिळ्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी कमान अडकवली, कमानीला दोरी, दोरी कप्पीवरून खाली, आणि खाली वजनं. खाटेचे पायाकडचे खूर विटांवर चढवलेले, म्हणजे माणसाचं अंगच मागं ओढ धरतं आणि वजन पुढं. मांडीचे स्नायू इतके ताकदवान असतात की मोडलेली टोकं ते एकमेकांवर चढवून ठेवतात. त्यांना दमवून, रोज थोडं थोडं ओढून जागेवर आणायचं आणि हाड धरेपर्यंत तसंच ठेवायचं. मोठ्या माणसाला याला अडीच-तीन महिने लागतात.

भेटायला आलेले लोक खिळ्याकडं बघून तोंड फिरवत. आबा म्हणत, "बघ की नीट. बैलाला येसण घातल्यागत घातलीया. आता जाईन कुठं?"

त्या वॉर्डाचा सगळा संसार मला आठवतो. खाटांची रांग, प्रत्येक खाटेला एक दोरी, एक कप्पी. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर थोड्या वेळानं माणसाला उचलून खाली हात फिरवायचा, पावडर लावायची. भाकरीचा डबा नेसरीच्या एस.टी.नं यायचा. सकाळच्या गाडीच्या चालकाकडं तो द्यायचा, इकडं स्टँडवर कुणीतरी उभं राहून घ्यायचा, रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. कुठल्याही चालकानं कधी पैसे मागितले नाहीत. खाटेवर आबा होते आणि खाटेखाली, सिमेंटच्या जमिनीवर, वाकळ अंथरून आज्जी. प्रत्येक खाटेखाली अशी एक बाई होती. मोड एकाची, जखडलेली माणसं दोन. त्या वर्षी आमच्या रानात भुईमूग पडला नाही, म्हैस विकली, धाकट्या आत्याचं लग्न पुढं गेलं. दवाखान्याच्या कागदावर यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. तिथं फक्त लिहिलं होतं की उजव्या मांडीचं हाड मोडलं आहे.

आबांचं हाड धरलं. पाय किंचित आखूड राहिला, पण शेवटपर्यंत ते रानात चालत गेले.

जर्मनीतल्या कील शहरात गेरहार्ड क्युंचरनं 1939 मध्येच मांडीच्या पोकळ हाडात लांब पोलादी सळई घालून माणसाला लवकर उभं करून दाखवलं होतं. युद्धकैदी सुटून घरी गेले तेव्हा त्यांच्या मांडीतली सळई एक्स-रेत पाहून दोस्त राष्ट्रांचे डॉक्टर चक्रावले. ती विद्या आमच्या वॉर्डापर्यंत पोचायला कितीतरी दशकं गेली. आज त्याच मांडीच्या मोडीला रॉड टाकतात आणि एक-दोन दिवसांत वॉकर धरून उभं करतात. लोक म्हणतात, शास्त्रानं पाय वाचवला. माझ्या मनात मात्र आधी ती सिमेंटची जमीन येते. रॉडनं खाटेवरच्या माणसाला उठवलं तेवढंच खाटेखालच्या बाईलाही उठवलं. धातूचा सगळ्यांत मोठा उपकार कुठला विचाराल तर मी हा सांगेन.

सगळ्या मोडी एवढ्या सरळ नसतात. उसाच्या हंगामात रात्रीच्या रस्त्यावर दिवा नसलेली ट्रॉली उभी असते आणि मोटरसायकल तिच्यावर जाते. नडगीचे तुकडे होतात, हाड बाहेर येतं, माती आत जाते, जखम चिघळते, हाड कुजतं. अशा वेळी गावात एकच नाव निघतं, मिरज. मिरजेला नेण्याची रीत जुनी आहे. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक दुखणं घेऊन तिकडं जातो. हाडांच्या बाबतीत तिथल्या स्वास्थ्ययोग प्रतिष्ठानचं आणि डॉ. जी. एस. कुलकर्णी यांचं नाव देशभरच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. अस्थिशल्यशास्त्राचा त्यांनी संपादित केलेला खंडात्मक ग्रंथ भारतभर शिकवला जातो, आणि इलिझारोव्हची पद्धत आपल्या देशात रुजवणाऱ्यांत ते अग्रभागी होते.

सायबेरियातल्या कुर्गान गावचा हा गाव्रिल इलिझारोव्ह. दुसऱ्या महायुद्धानंतर मोडक्या पायांचे सैनिक त्याच्याकडं येत, साधनं जवळजवळ नव्हतीच. 1950 च्या सुमारास त्यानं पायाभोवती लोखंडी कडी बसवून, त्या कड्यांवर ताणलेल्या बारीक तारा हाडातून आरपार नेल्या. पुढं त्याला कळलं की कापलेल्या हाडाची टोकं अगदी सावकाश एकमेकांपासून दूर नेली तर मधल्या जागेत नवं हाड तयार होतं. वेग दिवसाला एक मिलिमीटर, तोही चार वेळा विभागून. पश्चिमेकडच्या जगाला हे उशिरा कळलं. 1980 मध्ये इटलीचा गिर्यारोहक कार्लो मौरी आपला वर्षानुवर्षं न बरा झालेला पाय घेऊन कुर्गानला गेला, बरा होऊन परतला, आणि तिथून ही विद्या युरोपात नि मग इकडं आली.

आमच्या गल्लीतला एक ट्रॅक्टरचालक अशा रिंगा लावून मिरजेहून आला होता. कुजलेलं हाड काढून टाकलं होतं आणि ती पोकळी भरून यायची होती. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि निजताना त्याची बायको छोटा पाना घेऊन पायाशी बसायची नि नट पाव फेरा फिरवायची. चार पाव म्हणजे एक मिलिमीटर. सहा सेंटिमीटर भरून यायला दोन महिने, आणि आलेलं कोवळं हाड पक्कं व्हायला त्याच्या दुप्पट वेळ. उकळून थंड केलेल्या पाण्यात मीठ घालून ती प्रत्येक तारेचं तोंड पुसायची. सासूनं हळद भरायला सांगितली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आत्ती, डॉक्टरांनी नको म्हटलंय." तिच्या हातचं ते फिरवणं आणि पुसणं चुकलं असतं तर कुर्गान आणि मिरज दोन्ही वाया गेले असते.

या तारा बसवताना एका हत्यारानं ताणतात, 90 ते 130 किलोपर्यंत. दीड-पावणेदोन मिलिमीटरची तार, आणि एवढा ताण. पुरती ताणलेली तार बोटानं छेडली तर वाजते. हे ऐकल्यापासून मला मिरज वेगळीच दिसू लागली आहे. सतार आणि तंबोरे करणाऱ्यांच्या गल्ल्या याच गावात आहेत, अब्दुल करीम खाँसाहेबांनी इथंच घर केलं, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तार किती ताणायची हे जाणणारे हात एका गावात दोन धंद्यांत असावेत, याचा मला मनापासून आनंद होतो.

तारेचं आणखी एक काम मुंबईत झालं. डॉ. बी. बी. जोशी यांनी 1980 च्या दशकात बारीक तारा, काड्या आणि चिमुकले जोड यांतून हातासाठी हलकी चौकट तयार केली. जगभर ती त्यांच्या नावानं 'जेस' म्हणून ओळखली जाते. यंत्रात चेंगरलेली बोटं, भाजून आखडलेले पंजे, जन्मतः आत वळलेली बाळांची पावलं यांच्यासाठी ती वापरतात, आणि ती महागड्या परदेशी सामानाशिवाय होते. चरकात किंवा कडबाकुट्टीत ज्यांचा हात गेला आहे अशी माणसं आमच्या प्रत्येक गावात आहेत. बोट वाचलं म्हणजे काय वाचलं, हे त्यांच्याकडून समजून घ्यावं. खुरपं धरता येतं, दुधाची धार काढता येते, नातवंडाच्या शर्टाचं बटण लावता येतं.

भाच्याच्या तारा चौथ्या आठवड्यात काढल्या. मुलांच्या तारेचं टोक कातडीबाहेर वाकवून ठेवलेलं असतं, त्यामुळं पुन्हा भूल द्यावी लागत नाही. पोर आधीच रडायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, "बाळा, माझ्याकडं बघू नको, आज्जीकडं बघ," आणि पकडीनं दोन्ही तारा सरळ ओढून घेतल्या. रक्ताचे दोन थेंब. रडायचं राहूनच गेलं. कोपर सुरुवातीला ताठ होतं, पावसाळ्यात सैल झालं. कुणी मुद्दाम ओढलं-वाकवलं नाही, खेळता खेळताच ते मोकळं झालं. पुढच्या वर्षी तो पुन्हा त्याच जांभळाखाली उभा होता, आणि कुणी त्याला अडवलं नाही. झाडं पोरांसाठीच असतात.

एवढंच सांगायचं आहे. तुमच्या अंगणात असं पोर पडलं आणि कोपर सुजलं, तर कुणाचंही ऐकून ते चोळू नका, ओढू नका, कामट्या घट्ट आवळू नका. हात आहे तसा, दुखणार नाही अशा बेतानं आधार देऊन ठेवा. त्याची बोटं बघत राहा. ती गार पडली, पांढरी किंवा निळसर झाली, बधिर झाली, किंवा बोट सरळ करताच पोर किंचाळलं, तर रक्त अडलं असण्याची शक्यता आहे, आणि काही तासांतच हाताचे स्नायू कायमचे मरतात. भूल द्यावी लागेल म्हणून वाटेत त्याला काही खायला-प्यायला घालू नका. रात्र असली तरी गाडी काढा. आणि घरी आल्यावर तारेची जागा कोरडी नि स्वच्छ ठेवा, हात बरा दिसतोय म्हणून घरी बसू नका, तार काढायला सांगितलेल्या दिवशी परत जा.